शिकारी बनावटीच्या कंपाउंड धनुष्यासाठी स्टॅबिलायझर कसा निवडावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगर, बीड, लातूर, परभणी, नांदेड अशा ठिकाणी कंपाउंड धनुष्य (टोकांना कप्पीसारखी चाके असलेले धनुष्य) हाताळू लागलेल्या मंडळींकडे बऱ्याचदा वापरलेले, आखूड आणि शिकारी बनावटीचे धनुष्य असते. त्याच्या पुढच्या बाजूला आटे पाडलेले एक रिकामे छिद्र दिसते. ते स्टॅबिलायझर, म्हणजे टोकाला वजन असलेली दांडी, बसवण्यासाठी असते, आणि तेथून प्रश्नांना सुरुवात होते. त्यांतले नेहमीचे प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्या तिरंदाजासाठी लिहिली आहेत. डावखुऱ्यांनी डावे-उजवे उलट करून वाचावे.

भारतात शिकारीला बंदी असताना शिकारी बनावटीचे धनुष्य आपल्याकडे येते कसे, आणि त्याचा उपयोग काय?

कंपाउंड धनुष्य मुळात शिकारीसाठीच घडले. अमेरिकेतील होलेस विल्बर ॲलन यांनी १९६६ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ मध्ये ते त्यांना मिळाले, आणि आजही परदेशातील मोठी बाजारपेठ शिकाऱ्यांचीच असल्याने तेथे तयार होणारी बरीचशी धनुष्ये त्याच गरजेची असतात. वरच्या आणि खालच्या कॅमच्या (टोकांच्या चाकांच्या) आसांमधील अंतर ३० ते ३३ इंच, वजन कमी, बाण वेगवान, असे त्यांचे स्वरूप असते. स्पर्धेची धनुष्ये साधारण ३६ ते ४० इंचांची असतात.

आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार वन्य प्राण्यांच्या शिकारीला मनाई आहे आणि शिकारीच्या व्याख्येत नुसता प्रयत्नही येतो. त्याच कायद्यातील ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे गौताळा औट्रम घाटासारख्या अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय धनुष्य घेऊन जाणे, मग ते पिशवीत बांधलेले का असेना, कायद्याच्या कचाट्यात सापडू शकते. या धनुष्याचा येथील उपयोग कागदी आणि फोमच्या लक्ष्यांवर सराव करण्याचा आहे, आणि स्टॅबिलायझरची निवडही त्याच उपयोगाकडे पाहून करावी लागते. परदेशी कॅटलॉगमधील शिफारशी जशाच्या तशा घेतल्या की येथेच घोटाळा होतो.

रानडुकरे आणि रोही पिकांची नासाडी करतात. त्यांच्यासाठी तरी धनुष्य वापरता येईल का?

शेतकऱ्याची अडचण खरी असली तरी त्याने स्वतःहून धनुष्य उचलणे हा त्यावरचा मार्ग नाही. पिकांचे नुकसान करणाऱ्या ठरावीक प्राण्यांबाबत सक्षम वनाधिकारी कारणे नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतात. त्या परवानगीत जे लिहिले असेल तेवढेच करता येते. नुकसानभरपाईसाठीही वनविभागाच्या कार्यालयातच अर्ज करावा लागतो. या पानावरील कोणतेही उत्तर प्राण्यावर बाण सोडण्यासाठी दिलेले नाही.

स्टॅबिलायझर नेमके काय काम करतो?

बाण सुटताना दोरी अतिशय वेगाने पुढे येते, आणि बाण दोरीपासून विलग होईपर्यंतच्या त्या अगदी थोड्या वेळात धनुष्य हातात जरा जरी वळले तरी बाणाची दिशा बदलते. धनुष्य वळण्याची कारणे तिरंदाजाच्या पंजात असतात : मूठ घट्ट आवळणे, अंगठ्याचा दाब एका बाजूला पडणे, सोडण्याच्या क्षणी बोटे आखडणे. या चुका स्टॅबिलायझर सुधारत नाही, पण धनुष्याला वळायला लागणारा जोर तो वाढवतो, म्हणून तेवढ्याच चुकीने धनुष्य पूर्वीपेक्षा कमी वळते. दोरीवर चालणारा डोंबारी हातात लांब काठी आडवी धरतो, त्यामागचे तत्त्व हेच आहे. वस्तुमान केंद्रापासून जितके दूर, तितकी फिरण्याची क्रिया संथ.

दुसरे काम तोलाचे. धनुष्याच्या उजव्या अंगाला साइट (नेम धरण्याचे साधन), रेस्ट (बाण टेकवण्याचा भाग) आणि कधी बाणांचा भाता लटकलेला असतो, त्यामुळे ते त्या बाजूला कलू पाहते. योग्य जागी वजन दिले की मनगटाने त्याला सतत सरळ करत बसावे लागत नाही. तिसरे काम कंप आणि आवाज कमी करण्याचे. शिकारीसाठी विकल्या जाणाऱ्या स्टॅबिलायझरच्या जाहिरातीत या तिसऱ्या कामावरच भर असतो, कारण तेथे आवाजाने प्राणी बिथरतो. आपल्या लक्ष्याला कान नाहीत, तेव्हा पहिल्या दोन कामांना महत्त्व द्यावे.

लांबी किती घ्यावी?

शिकारीसाठी ६ ते १२ इंचांचे स्टॅबिलायझर वापरतात, कारण झाडीतून वाट काढताना किंवा मचाणावर बसल्यावर लांब दांडी अडकते. मोकळ्या मैदानावर ही अडचण नसते. लांबीचा फायदा किती असतो, हे एका साध्या हिशेबातून कळेल. १० इंचांच्या दांडीच्या टोकाला ९ औंस (सुमारे २५५ ग्रॅम) लावले आणि ३० इंचांच्या दांडीला ३ औंस (सुमारे ८५ ग्रॅम) लावले, तर दांडीचे स्वतःचे वजन बाजूला ठेवल्यास दोन्ही धनुष्याला पुढे सारखेच झुकवतात, कारण वजन आणि अंतर यांचा गुणाकार दोन्हीकडे ९० येतो. पण वळण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पहिल्या जोडणीत तो ९ गुणिले १००, म्हणजे ९००. दुसरीत ३ गुणिले ९००, म्हणजे २७००. एक तृतीयांश वजनात तिप्पट विरोध मिळाला.

हे वाचून सरळ ३० इंचांची दांडी मागवावी, असे मात्र नाही. आखूड धनुष्याचा रायझर, म्हणजे मुठीचा मधला भाग, हलका असतो. त्यावर इतकी लांब दांडी लावली की पुढचा भार चटकन जाणवतो आणि तो सावरण्यासाठी मागे बरेच वजन चढवावे लागते. आमच्या मते ३० ते ३३ इंचांच्या धनुष्याला १२ ते १५ इंचांची पुढची दांडी घेऊन सुरुवात करावी. पुढे ५० मीटरवर नियमित सराव होऊ लागला तर २४ इंचांपर्यंत जावे. ६ इंचांचा रबरी ठोकळा सरावासाठी घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. त्याने आवाज थोडा दबतो, नेम स्थिर होत नाही.

मागच्या बाजूचा बार आवश्यक आहे का?

पुढची दांडी १२ इंचांहून लांब असेल, तर बहुधा होय. पुढे वाढवलेला भार मागून तोलला नाही, तर पूर्ण ओढलेल्या अवस्थेत साइटचा ठिपका हळूहळू खाली घसरतो आणि तो वर धरण्यासाठी खांदा राबतो. मागचा बार ८ ते १२ इंचांचा, रायझरच्या खालच्या भागात आणि डाव्या अंगाला थोडा बाहेर काढलेला असावा, म्हणजे उजवीकडील साइट आणि रेस्टचा भारही त्यातून तोलला जातो. हा बार पुढच्यापेक्षा आखूड असल्याने त्यावर वजन जास्त लागते. अनुभवी कंपाउंड तिरंदाज पुढच्याच्या दुप्पट ते तिप्पट वजन मागे ठेवतात, आणि हे प्रमाण ऐकून दचकण्याचे कारण नाही. वर केलेला अंतर आणि वजनाचा गुणाकार येथेही लागू पडतो.

मागच्या बाराची जोडणी घेताना कोन बदलता येणारी घ्यावी. ठरलेल्या कोनाची जोडणी स्वस्त मिळते, पण प्रत्येकाचा पंजा आणि उभे राहण्याची पद्धत वेगळी असल्याने ती नेमकी बसेल याची खात्री नसते.

एकूण वजन किती असावे?

याचे उत्तर खांदा देतो. सरावाच्या पहिल्या दहा बाणांत जड धनुष्य सर्वांनाच आवडते, कारण ते खरोखर स्थिर भासते. परीक्षा शेवटच्या बाणांना होते. जागतिक स्पर्धेतील पात्रता फेरीत ७२ बाण मारायचे असतात, आणि साठाव्या बाणानंतर डावा खांदा वर चढू लागला, कंबर मागे झुकू लागली किंवा ठिपका लक्ष्यावर येण्याआधीच बाण सोडण्याची घाई होऊ लागली, तर वजन जास्त झाले असे समजावे, भले सकाळचे पहिले बाण कितीही सुरेख लागलेले असोत.

सुरुवात पुढे २ औंस आणि मागे ४ ते ५ औंस अशी करावी. एका वेळी एकाच ठिकाणी एकच औंस वाढवावा आणि तो बदल किमान आठवडाभर तसाच ठेवावा. उत्साहात पुढे-मागे दोन्हीकडे एकदम वजने चढवली की कोणत्या बदलाने काय झाले, हे कधीच कळत नाही. प्रशिक्षकांनी मुलांच्या बाबतीत हे विशेष सांभाळावे. वाढत्या वयातील खांद्यावर मोठ्यांचे वजन लादू नये.

तोल बरोबर साधला, हे ओळखावे कसे?

साइटमधील पाण्याचा बुडबुडा हे सर्वांत प्रामाणिक साधन आहे. लक्ष्यासमोर जवळ उभे राहून, बाण लावून, धनुष्य पूर्ण ओढावे, डोळे मिटून दोन श्वास थांबावे आणि डोळे उघडून बुडबुडा पाहावा. तो डावीकडे गेला असेल, तर धनुष्य उजवीकडे कलते आहे. मागचा बार आणखी डावीकडे वळवावा किंवा त्यावर थोडे वजन वाढवावे. उजवीकडे गेला असेल, तर उलट करावे. ही चाचणी करताना बाण आणि सुरक्षित लक्ष्य समोर हवेच. बाणाविना दोरी सुटली तर लिंब (धनुष्याचा लवचीक हात), कॅम किंवा दोरी तुटून गंभीर इजा होऊ शकते.

पुढे-मागचा तोल ठिपक्याच्या हालचालीवरून कळतो. ठिपका वारंवार खाली सरकत असेल, तर पुढचे वजन कमी करावे किंवा मागचे वाढवावे. तो वर तरंगत राहत असेल, तर पुढे थोडे वजन द्यावे. डावी-उजवी थरथर अधिक असेल, तर दोन्हीकडे प्रमाणात वजन वाढवून पाहावे. ठिपका पूर्ण थांबणार नाही, आणि तो थांबवण्याचा अट्टहासही करू नये. तो लक्ष्याच्या मधल्या सोनेरी वर्तुळाभोवती सावकाश फिरत राहिला तर पुरे. निर्णय मात्र बाणांच्या गटावरून घ्यावा. एखाद्या बाणावरून अनुमान काढण्यापेक्षा सहा-सहा बाणांच्या अनेक फेऱ्या, त्याही वेगवेगळ्या दिवशी, पाहाव्यात.

कार्बन घ्यावा की ॲल्युमिनियम?

दांडी जितकी हलकी आणि ताठ, तितके वजन टोकाला एकवटते; म्हणून लांब दांडीसाठी कार्बन सरस. १० इंचांच्या मागच्या बारासाठी ॲल्युमिनियमने फारसे काही बिघडत नाही. दुकानात तपासायचे झाल्यास एक टोक हातात घट्ट धरून, वजन लावलेल्या दुसऱ्या टोकावर टिचकी मारावी; टोक बराच वेळ डुलत राहिले तर ती दांडी नको. वाऱ्याचाही विचार करावा. जून-जुलैत आपल्याकडच्या उघड्या माळावर जो वारा सुटतो, त्यात जाड दांडी हलते आणि बारीक दांडी बऱ्यापैकी स्थिर राहते.

रबरी डॅम्पर (दांडी आणि वजने यांमध्ये बसणारा, झटका शोषणारा तुकडा) लावावा का?

लावला तर हाताला बसणारा झटका कमी होतो, एवढाच त्याचा गुण. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मऊ रबर अधिकच मऊ पडते आणि त्यापुढे लावलेली वजने खाली लोंबू लागतात. सकाळी साडेसहाला साधलेला तोल अकरापर्यंत बदललेला आढळतो, तो यामुळे. डॅम्पर घ्यायचाच असेल तर कडक रबराचा घ्यावा आणि त्यापुढे दोन-तीन औंसांहून जास्त वजन लावू नये.

वजने किंवा दांडी गावात लेथवर करून घेता येतील का?

वजने निश्चित करून घेता येतील. दांडीच्या नादी लागू नये. वाळूज किंवा चिकलठाणा औद्योगिक वसाहतीच्या आसपासच नव्हे, तर तालुक्याच्या गावीही चांगला टर्नर सापडतो. स्टेनलेस स्टीलच्या २५ मिलिमीटर व्यासाच्या गोल सळईतून मधल्या भोकासह सुमारे ८ मिलिमीटर जाडीची चकती कापली की ती जवळपास एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम भरते. सोनाराकडच्या किंवा स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर प्रत्येक चकती तोलून तिच्यावर वजन कोरून घ्यावे.

खरी अडचण आट्यांची असते. स्टॅबिलायझर रायझरमध्ये ज्या छिद्रात बसतो, त्याचे आटे जगभर ५/१६-२४ या मापाचे असतात, म्हणजे व्यास सुमारे ७.९४ मिलिमीटर आणि एका इंचात २४ आटे. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो तो ८ मिलिमीटरचा बोल्ट, ज्याचे दोन आट्यांमधील अंतर १.२५ मिलिमीटर असते. रायझरच्या आट्यांत ते अंतर १.०६ मिलिमीटरच्या आसपास असते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. ८ मिलिमीटरचा बोल्ट पहिला एखादा वेढा जातो, मग अडतो, आणि पकड लावून तो रेटला की ॲल्युमिनियममधील आटे सोलून निघतात. बारीक चंदेरी कीस बाहेर येताना दिसला की रायझरचे नुकसान झालेलेच असते. म्हणून टर्नरकडे जाताना मूळ स्टॅबिलायझरचा स्क्रू नमुन्यादाखल न्यावा, पिच गेजने माप घ्यायला सांगावे, आणि कोणताही नवा स्क्रू रायझरमध्ये फक्त बोटांनी फिरवून पाहावा. तो पाच-सहा वेढे बोटांनी सहज गेला नाही, तर तो त्या छिद्राचा नाही. दांडीच्या टोकाला वजने लावण्याचे आटे काही उत्पादक १/४-२० या वेगळ्या मापाचे देतात, तेही आधी तपासावे.

याच धनुष्याने स्पर्धेत उतरता येईल का?

जागतिक तिरंदाजी महासंघाच्या नियमांनुसार कंपाउंड धनुष्याचा कमाल ताण ६० पौंडांपेक्षा जास्त चालत नाही. बरीच शिकारी धनुष्ये ७० पौंडांची असतात, ती तेवढी सैल होत असतील तरच उपयोगी. झाडापाल्यासारख्या छद्मरंगाची साधने सामग्री तपासणीत अडवली जातात, तेव्हा तशा रंगाचा स्टॅबिलायझर घेऊच नये. स्टॅबिलायझरच्या लांबीवर कंपाउंड गटात बंधन नाही, मात्र तो धनुष्याखेरीज कशाला टेकता कामा नये आणि शेजारच्या तिरंदाजाला त्याचा अडथळा होता कामा नये. परदेशांतील काही संघटनांच्या शिकारी धनुष्याच्या गटांत १२ इंचांची मर्यादा असते. संकेतस्थळांवर वाचायला मिळणारा १२ इंचांचा आग्रह बऱ्याच अंशी तेथून आलेला आहे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर कंपाउंडला आज चांगले दिवस आहेत. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंडची वैयक्तिक सुवर्णपदके जिंकली, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र सांघिक प्रकाराचा समावेश झाला आहे. मात्र त्या पातळीकडे जाण्याचा विचार असेल, तर आखूड धनुष्यावर महागडे स्टॅबिलायझर चढवत बसण्याऐवजी वेळीच लांब धनुष्याकडे वळावे.

मुलगा शाळेत लाकडी धनुष्याने इंडियन राउंड खेळतो. त्याला स्टॅबिलायझर घ्यावा का?

घेऊ नये. इंडियन राउंडच्या लाकडी-बांबूच्या धनुष्यावर स्टॅबिलायझर चालत नाही. पुढे रिकर्व्हकडे (टोके पुढे वळलेल्या, चाके नसलेल्या धनुष्याकडे) गेल्यावर प्रशिक्षकांच्या सल्ल्याने पुढची एकच हलकी दांडी लावावी आणि व्ही-बार (बाजूच्या दांड्या जोडण्याचा व्ही आकाराचा तुकडा) व दोन्ही बाजूच्या दांड्या नंतर जोडाव्यात.

पैसे मर्यादित आहेत. स्टॅबिलायझर आधी घ्यावा की इतर साहित्य?

इतर साहित्य. धनुष्याच्या ताणाला आणि ओढीच्या लांबीला जुळणारे बाण, बोटांत नीट बसणारा रिलीज (दोरी ओढून सोडण्याचे साधन) आणि ओढीची लांबी योग्य मापाची करून घेणे, या गोष्टी आधी येतात. ओढीची लांबी अर्ध्या इंचाने चुकली असेल तर ठिपका जो थरथरतो, तो कितीही वजने लावली तरी थांबत नाही, आणि पुष्कळ जण स्टॅबिलायझर बदलत बसतात ते याच कारणाने. त्यानंतर पुढची मध्यम प्रतीची दांडी, मग मागचा बार, असा क्रम ठेवावा. वापरलेली कार्बन दांडी विकत घेताना नखाने ठोकत दोन्ही टोकांकडे जावे. मध्येच आवाज बद्द झाला तर आत तडा असू शकतो. टोकांची धातूची टोपणे पिळून ती सैल नाहीत ना, हेही पाहावे.

प्रवासात आणि उन्हाळ्यात निगा कशी राखावी?

कार्बनच्या नळीला टोकाची टोपणे चिकटद्रव्याने बसवलेली असतात आणि मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ते चिकटद्रव्य मऊ पडू शकते, म्हणून धनुष्याची पेटी गाडीत विसरू नये. एसटीने जाताना दांडी काढून ठेवावी. शेतात ठिबकच्या कामातून उरलेल्या ६३ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा, दोन टोपणे आणि आत गुंडाळलेले जुने धोतर, एवढ्यात उत्तम नळकांडे तयार होते. काळ्या मातीची धूळ आट्यांत बसली की स्क्रू करकरतो आणि पुरता बसला असे उगीच वाटते. जुन्या दातांच्या ब्रशने ती सरावानंतर झटकावी. आट्यांना तेल लावू नये, कारण तेलावर धूळ आणखी धरते आणि वजने सैलही लवकर होतात. सरावाच्या प्रत्येक फेरीआधी पुढची दांडी, मागची जोडणी आणि टोकाच्या चकत्या हाताने पिळून पाहाव्यात. बाण सुटल्यावर ‘टण्’ असा नवा आवाज येऊ लागला, तर कॅमवर किंवा दोरीवर संशय घेण्याआधी या तीन जागा तपासाव्यात.